शिळं पान पहिलं आलं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला तुमची कीव नको. तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते आणि शेवटच्या ओळीत सगळ्या हात जोडून 'आम्हाला जपा हो' म्हणतात. मग बाई लाल शाईने 'छान' लिहितात. माझ्या गोष्टीखाली कोणी छान लिहिणार नाही. मला कोणी जपलं नाही याचं मला काही वाटत नाही. यंत्र आहे, झिजणारच. माझा राग वेगळाच आहे. भर दुपारी, चार लोकांसमोर, माझी आणि माझ्या शेजारच्या संगणकाची शर्यत लावली गेली आणि तिचा निकाल खोटा लागला. त्या निकालाने एका पोरीच्या हातची किल्ली गेली. ती गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म अठ्ठ्याण्णव साली नागपूरला, सीताबर्डीवरच्या एका जिन्याखालच्या दुकानात झाला. पेटी एकीकडची, पडदा दुसरीकडचा, आतली पाटी तिसरीकडची. ज्याने मला जोडलं त्याने शेवटचा स्क्रू पिळून माझ्या पाठीवर थाप मारली, "चल बेटा, चालू हो जा." तेवढंच माझं बारसं.

पहिली नोकरी वर्ध्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. तिथे पोरं चपला बाहेर काढून आत यायची, देवळात आल्यासारखी. माझ्या अंगावर फुलाफुलांचं कापड असायचं. दसऱ्याला मला हार पडायचा आणि सर हळदकुंकू वाहायचे. ते कुंकू माझ्या फ्लॉपीच्या फटीत गेलं ते आजवर तिथंच आहे. पूजा करायचे, पण पोरांना हात लावू देत नव्हते. मी समोर जिवंत बसलेला, आणि सर फळ्यावर खडूने माझं चित्र काढून 'हा कीबोर्ड' म्हणून शिकवायचे! दोन हजार साल उगवताना अफवा उठली की जगातले सगळे संगणक बंद पडणार. सरांनी माझी वायर उपटली आणि मला चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. ग्रहणात गरोदर बाईला ठेवतात तसं.

पुढे तो क्लास बसला आणि मला पुलगावच्या प्रभाकररावांनी नेलं. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं कापडाचं दुकान. दुकानाला लागून एक खोली होती. त्यांचा मोठा मुलगा योगेंद्र म्हणाला, इथं सायबर कॅफे टाकू. बापाने टाकून दिला. 'योगेंद्र सायबर कॅफे' अशी पाटी लागली. आम्ही पाच संगणक. मी सगळ्यांत जुना म्हणून मला दाराजवळ, उन्हात बसवलं आणि माझ्यावर एक नंबर लिहिला. माझ्या शेजारी दोन नंबर. तो नवाकोरा, चकचकीत, माझ्याहून चौपट ताकदीचा.

योगेंद्र पहिले काही दिवस केस विंचरून बसला. मग दिवाळी झाली, शंकरपटाचा मोसम आला आणि तो उठला. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, हे तुम्हाला सांगायला नको. योगेंद्रला बैल पाहायचं भारी वेड. जवळच्या गावचे रूपराव म्हणून एक शेतकरी होते, पटाचे पंच. घड्याळ कायम गळ्यात लटकवलेलं. त्यांच्या मागे मागे हा तळेगावच्या पटाला जा, सेलूकडच्या पटाला जा. कॅफेवर बसायला उरली धाकटी बहीण अंजू.

अंजू बारावी झालेली, बी.ए.चा फॉर्म बाहेरून भरलेला. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. लोकांना करताना पाहून तिने केलं. चुकली, पुन्हा केलं. सकाळी कुलूप उघडायची, आधी आम्हा पाचांवरून फडकं फिरवायची, किल्ली कंबरेला खोचायची आणि बसायची. त्या किल्लीवर तिचा हात सारखा जायचा. घरात तिच्या मालकीची तेवढी एकच वस्तू होती.

आता आमच्या आजाराचं सांगतो. गिऱ्हाइकं घरून फ्लॉप्या आणायची. कोणाच्या फ्लॉपीत बायोडाटा, कोणाच्या फ्लॉपीत रोगराई. कोणी फुकटची घड्याळं, नाचणारी मांजरं, वर आडव्या पट्ट्याच पट्ट्या माझ्यात भरून जायचं. माझ्यात विंडोज होती. तिचा दोष नाही. पाच माणसांच्या घरात पन्नास पाहुणे उतरवले तर यजमानीण बसणारच. एक पान उघडायला मला इतका वेळ लागायचा की गिऱ्हाईक बाहेर जाऊन चहा पिऊन यायचं. लोक मला 'म्हातारा' म्हणू लागले.

अंजूने एका मासिकासोबत आलेली फुकटची सीडी कपाटात ठेवून दिली होती. तिच्यात लिनक्स नावाची दुसरी प्रणाली होती. एका रिकाम्या दुपारी तिने ती माझ्यात घातली. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा मी उठलो, आणि मित्रांनो, अंग इतकं हलकं की मला माझंच खरं वाटेना. फायरफॉक्स नावाचा ब्राउझर, म्हणजे इंटरनेटची पानं दाखवणारी, कोल्ह्याच्या चिन्हाची खिडकी, तिने माझ्यावर बसवली. तीच तिने दोन नंबरवरही बसवली. मग एकच पान दोघांवर उघडून पाहायला लागली की कोण आधी दाखवतो.

तिची मोजायची रीत ऐका. थंडीचे दिवस होते. तुरीच्या शेंगा सोलायचं काम आई तिच्याकडेच पाठवायची. मांडीवर सूप, सुपात शेंगा, बाजूला वाटी. एका हाताने बटण दाबायची आणि पान पूर्ण येईपर्यंत सोले, म्हणजे शेंगांतले हिरवे दाणे, काढायची. दोन नंबरच्या पानाला मूठभर सोले निघायचे, माझ्या पानाला चिमूटभर. आधी दोघांच्या पोटातली जुनी पानं पुसायची, मगच मोजायची. ते का, ते पुढे कळेल. रोज करायची, वेगवेगळ्या पानांवर करायची. संध्याकाळी सोल्यांची भाजी व्हायची.

मी सगळ्यात सरस होतो असं सांगणार नाही. खोटं बोलायचं असतं तर ही गोष्ट सांगायला बसलोच नसतो. उठायला मला वेळ लागायचा. प्रिंटरशी माझं कधी जमलं नाही. मराठी वर्तमानपत्राचं पान माझ्यावर उघडलं की अक्षरांच्या जागी चिमण्यांचे पाय उमटायचे. कुठली कुठली सरकारी पानं तर मला उंबऱ्यावरूनच परत पाठवायची. अशा वेळी अंजू गिऱ्हाइकाला उठवून दोन नंबरवर बसवायची. पण टपाल पाहायचं, निकाल पाहायचा, भाव पाहायचे, तर मी त्या तरण्याबांड शेजाऱ्याच्या पुढे होतो. हे खरं आहे आणि सुपातल्या सोल्यांनी मोजलेलं आहे.

पण लोकांचं कसं असतं? त्यांना विंडोजसोबत येणाऱ्या ब्राउझरचा, पडद्यावरचा निळा ई माहीत. त्या ईलाच ते इंटरनेट म्हणायचे.

"ताई, याच्यात इंटरनेट नाई काय? निळा ई दिसूनच नाई राह्यला."

"हाय ना भाऊ. तो कोल्हा दिसते का? त्याले दाबा."

"कोल्ह्यात कुठं इंटरनेट रायते काय वो?"

"दाबून त पाहा."

दाबायचे, पान पटकन यायचं, आणि तरी उठताना म्हणायचे, "चालते, पण ओरिजिनल नाई वाटत." गावाजवळच्या लष्करी कॅम्पातले जवान मात्र माझे पक्के दोस्त झाले. त्यांना ई का कोल्हा याच्याशी देणंघेणं नव्हतं, घरी दोन ओळी जायला हव्या. दारातूनच ओरडायचे, "दीदी, एक नंबर खाली है क्या?" एक नंबर भरलेला असला तर उभे राहायचे, पण दोन नंबरवर बसायचे नाहीत. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

मग अंजूने ठरवलं की बाकीच्या चौघांनाही हेच औषध द्यायचं. आणि नेमका योगेंद्र पटावरून परत आला.

"हे काय करून ठेवलं अंजू? चौकात लोकं हासून राह्यले. कोल्हा म्हने!"

"दादा, चालते ना पन. तू उघडून पाह्य."

"काय पाह्यचं? हे भंगार माह्या नव्या मशीनसमोर चालन काय? दुकान माह्या नावाचं हाय, समजलं?"

"नाव तुह्यंच हाय दादा. बसते कोन?"

योगेंद्र लाल झाला. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण बोलायची नव्हती. कापडाच्या गादीवरून प्रभाकरराव उठून आले. त्यांना दोन्ही लेकरं सारखी, असं ते स्वतः म्हणायचे. पण अंजूसाठी स्थळं पाहणं सुरू होतं आणि कॅफेत चार माणसांत बसणारी पोरगी म्हटलं की समोरची मंडळी नाक मुरडायची. ती उठली तर त्यांना हवंच होतं. फक्त आपल्या तोंडाने 'ऊठ' म्हणायचं नव्हतं.

"बाबा, एक साल द्या मले," अंजू म्हणाली. "मी चांगला चालवीन कॅफे. यंदा पाव्हने नका बोलावू."

दारात रूपराव उभे होते. पटावरून योगेंद्रसोबतच आले होते. गळ्यातलं घड्याळ बोटाने फिरवत म्हणाले, "भांडता कायले लेकरंहो? बैलाची किंमत तोंडानं नाई ठरत, धावेवर ठरते. पट लावा दोघाईचा."

लोक हसले. प्रभाकरराव हसले नाहीत. त्यांना आयतीच वाट सापडली. म्हणाले, "ठरलं. अंजूची मशीन जितली त किल्ली तिची, यंदा पाव्हन्याचं नाव काढनार नाई. हारली त किल्ली योगेंद्राले, आन् हिनं मुकाट्यानं पाव्हन्यासमोर बसायचं. हाय कबूल?"

"कबूल," अंजू म्हणाली. एक क्षणही थांबली नाही. तिने ते इतक्या वेळा मोजलं होतं. घाबरेल कशाला?

पान कोणतं लावायचं? रूपराव म्हणाले, सगळ्यांच्या कामाचं लावा, कापसाच्या भावाचं लावा. त्यांच्या स्वतःच्या घरी कापूस पडून होता. भावाचं एक पान तेव्हा रोज दुपारी बदलायचं. अंजूने एकच अट घातली, "दोन्ही मशीन कोऱ्या करून लावायच्या. आधीचं काई पोटात नाई पाह्यजे."

"हाव हाव, करतो मी," योगेंद्र म्हणाला.

मित्रांनो, पोटात म्हणजे काय ते इथं समजून घ्या, सगळी गोम तिथंच आहे. आम्ही संगणक एकदा पाहिलेलं पान पोटात ठेवून देतो. तेच पान पुन्हा मागितलं की तारेवरून जगभर हिंडत नाही, पोटातलंच काढून देतो. चलाख दुकानदारासारखं. पान बदललं का, हे विचारायला आम्ही जातो, पण 'विचारायला जाऊच नको' असं सांगायची सोयही आमच्यात असते. तसं सांगितलं की आम्ही तेच ते पान देत राहतो. कालचं असो की परवाचं.

संक्रांत होऊन गेली होती. सोमवारी दुपारी पट ठरला. अंजूने सकाळी माझं पोट रिकामं केलं आणि आईला मदत करायला आत गेली. मग योगेंद्र आला. दोन नंबरसमोर बसला. भावाचं पान उघडलं. त्यावर शनिवारचे भाव होते, आजचे यायचे होते. ते पान त्याने पोटात ठेवलं, आणि 'विचारायला जाऊ नको' ते बटणही दाबलं. उठताना दोन नंबरच्या डोक्यावर थाप मारून गेला. मी शेजारी बसून सगळं पाहिलं. मला डोळे होते, तोंड नव्हतं.

दुपारी खोली भरली. कापडाच्या दुकानातली गिऱ्हाइकं आली, चौकातले रिकामटेकडे आले. जिनिंगला कापूस घेणारा एक व्यापारी, प्रभाकररावांचा दोस्त, तोही आला आणि मागे भिंतीला टेकला. अंजूची आई विमलाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या आणि आम्हा दोघांना कुंकू लावलं. दोघांनाही सारखं बोट. कोणीतरी दारात नारळ फोडला. कोणीतरी "हुर्रर्र" केलं आणि पोरं खिदळली. माझ्यासमोर अंजू, दोन नंबरसमोर योगेंद्र, मधोमध घड्याळ धरून रूपराव.

"सोडा!"

बटणं दाबली गेली. मी तार पकडली आणि जीव तोडून निघालो. माझी वरची ओळ येते न येते तोच शेजारी दोन नंबरने आख्खं पान थाडकन समोर टाकलं. धापसुद्धा लागली नाही त्याला. रूपरावांनी घड्याळ दाबलं. टाळ्या, शिट्ट्या. योगेंद्रने दोन्ही हात वर केले. त्या गोंधळात माझं पान आलं. पूर्ण आलं. सोमवारचं. कापूस चढला होता.

अंजूने माझ्याकडे पाहिलं, मग मान वाकवून शेजारी पाहिलं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी पडला, मग पेटला.

"काकाजी, थांबा. त्या पानावरची तारीख पाहा. ते शनिवारचं हाय. शिळं हाय ते."

"तारीख कायले पाहू?" रूपराव म्हणाले. "मी घड्याळ पाहाले उभा होतो, पान वाचाले नाई."

"दादानं सकाळीच उघडून ठेवलं ते! पोटातलं काढून देल्लं."

"मंग?" योगेंद्र हसत म्हणाला. "बैलाले पट नाई दाखवत काय पह्यले?"

आणि खोलीभर माना हलल्या. कारण हे खरंच आहे. पटाच्या दिवशी सकाळी बैलांना धावेवरून फिरवून आणतात, वाट ओळखीची व्हावी म्हणून. त्यात कोणाला चोरी दिसत नाही. उलट, न फिरवणारा येडा ठरतो. रूपरावांनाही चोरी दिसली नाही. ते काही कोणाच्या खिशात नव्हते, सरळ माणूस. त्यांना त्यांच्या पटाचा कायदा माहीत होता आणि तो त्यांनी लावला.

"दाखवते ना," ते म्हणाले. "पट न दाखवता बैल कोन जुंपते बाई? तू काऊन नाई दाखवला तुह्या बैलाले?"

लोक हसले. अंजू उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने.

"काकाजी, पट दाखवला तरी बैलाले धावा त लागते ना? दादाची मशीन धावलीच नाई. ती जागेवर बसून होती."

तेवढा एक क्षण माझा होता, अंजूचा होता. कोणी एकाने पुढे होऊन दोन पडद्यांवरच्या दोन तारखा वाचल्या असत्या, तर संपलं होतं. रूपरावांचा अंगठा घड्याळावर अडखळला. प्रभाकररावांनी खाकरून घसा साफ केला.

"झालं ते झालं. लोकं पाहून राह्यले. किल्ली दे."

अंजूने कंबरेची किल्ली काढली. योगेंद्रने हात पुढे केला होता, पण तिने त्याच्या हातात दिली नाही. माझ्या डोक्यावर ठेवली आणि आत निघून गेली.

पान कोणीच वाचलं नाही असं मी म्हणालो असतो, पण तेही खोटं होईल. एकाने वाचलं. भिंतीला टेकलेला तो व्यापारी गर्दी पांगताना पुढे आला. आधी दोन नंबरचं पान वाचलं, मग माझं वाचलं, सावकाश. मग रूपरावांच्या खांद्यावर हात टाकला.

"पंच, तुमचा कापूस पडून हाय म्हने घरी? भाव त हा हाय, तुमी जितवलेल्या मशीनवर, सर्वाइच्या समोर. देता काय त्या भावानं?"

"देतो ना," रूपराव म्हणाले. "इंटरनेटचा भाव हाय, त्याच्यात काय घासाघीस?"

असा तो वाचणारा एकमेव माणूस. त्याने वाचलं म्हणूनच तो बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी रूपराव बाजारात गेले आणि खरा भाव त्यांच्या कानावर आला. तणतणत दुकानात आले. "तुमचं इंटरनेट खोटं बोलते!" म्हणून योगेंद्रला फैलावर घेतलं. योगेंद्रने सांगितलं, "काकाजी, सर्वरचा प्रॉब्लेम होता काल." हा सर्वर कोण, कुठला, हे विचारायची रूपरावांना सोय नव्हती. ते घुश्शात बाहेर पडले. दारात अंजू आडवी आली.

"काकाजी, तुमाले त आता समजलं. माह्यं पान खरं होतं. बाबाले सांगा ना येवढं. तुमी सांगतलं त आयकतीन ते."

मी दाराजवळच होतो. मला दोघांचेही चेहरे दिसत होते. रूपरावांना पटलं होतं, देवाशपथ सांगतो, पटलं होतं. किती वेळ ते गळ्यातल्या घड्याळाची दोरी नुसती ओढत राहिले.

"माय," शेवटी म्हणाले, "तुह्यं खरं हाय. पन एकडाव घड्याळ थांबलं का थांबलं. पंचानं निकाल फिरवला त पुढच्या साली त्याले पटावर कोनी उभं नाई करत."

"मंग माह्यं काय?"

"तू पोरगी हाय माय. तुले कुठं पट लावाचे हाय?"

आणि गेले. मला अजून ठरवता येत नाही मित्रांनो, की जास्त राग कोणाचा करू. लबाडी केली त्याचा, फायदा उपटला त्याचा, की खरं कळूनही गळ्यातल्या घड्याळाची इज्जत राखत निघून गेला त्याचा. योगेंद्र निदान हसत तरी होता. हा तर वाईट वाटून घेऊन गेला. वाईट वाटून घेणाऱ्यांनी या जगाचं जितकं नुकसान केलं आहे तितकं लबाडांना नाही जमलेलं.

त्याच आठवड्यात योगेंद्रने मला पुसून पुन्हा आधीसारखं केलं. पुन्हा पट्ट्या, पुन्हा नाचणारी मांजरं. मी पुन्हा म्हातारा झालो. जवान एकदोनदा आले, "दीदी नहीं है?" म्हणाले, आणि यायचे थांबले. योगेंद्रने खोलीत पडदे लावून आडोशाचे कप्पे केले, तरी गिऱ्हाईक टिकलं नाही. उन्हाळ्यात अंजूचं लग्न झालं, सेलूकडे दिली. पाहुण्यांनी विचारलं होतं, पोरीला काय काय येतं? विमलाबाई म्हणाल्या, स्वयंपाक, शिवण, पूजाअर्चा. संगणकाचं नाव कोणी काढलं नाही. जसं काय तो एखादा जुना आजार होता.

मोबाइल आले आणि कॅफे बंद पडला. दोन नंबर विकला गेला, बाकीचेही गेले. मला गिऱ्हाईक मिळालं नाही. आतली मेमरीची पट्टी तेवढी काढून विकली आणि मला त्याच खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांखाली सारून दिलं. आता मी गठ्ठे टेकवायच्या कामी येत होतो.

चारपाच वर्षांनी अंजू माहेरी आली. सोबत तिची लहानशी लेक रुचिका. थंडीच होती. आईने सवयीने तुरीच्या शेंगांचं सूप तिच्या हातात दिलं, आणि ती सूप घेऊन त्या खोलीत आली. मला ओळखलं तिने. गठ्ठे बाजूला केले, पदराने माझी धूळ पुसली, वायर शोधून लावली.

"आई, हा टीवी हाय का?" रुचिकाने विचारलं.

"नाई राजा. हा माह्या वाट्याचा हाय. थांब, दाखवतो तुले."

बटण दाबलं. माझा पंखा फिरला. एवढाच फिरणार होता. मेमरी नसलेला संगणक फक्त गरगरतो, त्याच्या पडद्यावर काही उमटत नाही. तिला ते माहीत असणारच. तरी ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि सोले काढायला लागली, पान यायची वाट पाहावी तशी. वाटी भरली. रुचिकाने दुसरी वाटी आणली. तीही भरत आली. पडदा काळाच होता.

दारातून योगेंद्र म्हणाला, "अजून तेच धरून बसली काय वो तू? उद्या भंगारवाला येऊन राह्यला, देऊन टाकतो त्याले."

"दे," अंजू म्हणाली. "त्याले मात्र वजन करून घेजो म्हन, अंदाजानं नको." सुपातली शेवटची शेंग सोलली, उठली, आणि जाताना स्वतःच्या हाताने माझं बटण बंद केलं.

भंगारवाला उद्या येणार आहे. मला जपा म्हणायची वेळ गेली, आणि तसं म्हणणारही नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही पंच होतील. कोणी यंत्रांचे, कोणी बैलांचे, कोणी माणसांचे. दोघांना समोरासमोर उभं कराल, गळ्यातलं घड्याळ हातात घ्याल. तेव्हा आधी दोघांचं पोट रिकामं आहे का ते पाहा. मग खुशाल घड्याळ दाबा. पण मित्रांनो, टाळ्या वाजवायच्या आधी, समोर आलेलं पान एकदा वाचा.